आई, तुमची पोवळी अजून तरी आहेत

आई, हातोडी आजही उघडली नाही.

हल्ली उठल्या उठल्या पहिलं तेच बघते. तोंड धुवायच्या आधी, हीटपंप लावायच्या आधी, फोन बघायच्याही आधी. माशांच्या टाकीचे दिवे अजून निळेच असतात, बाहेर हॅमिल्टनच्या या रोटोटुना भागातलं नेहमीचं धुकं, शेजारच्यांचं कुंपणसुद्धा दिसत नाही, आणि मी गाऊनवर मंदारचं जाकीट चढवून काचेला नाक लावून उभी. तुम्ही उभ्या राहायचात तिथेच. फरक एवढाच की तुम्ही कमरेवर हात ठेवून एकेकाला हाका मारायचात, आणि मी नुसती घाबरून बघते.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. लोक अजून भेटायला येतात, फोटोला नमस्कार करतात, "किती अचानक हो" म्हणतात. मी चहा देते आणि माझी एक नजर टाकीवर. जॉन्सनव्हिलहून मंदारची मावसबहीण आली होती, ती मला जवळ घेऊन म्हणाली, "मृणाल, एकदा रडून घे गं." अहो, रडायला फुरसत कुठे आहे? तुम्ही गेलात त्या गेलात, हे सगळं या सुनेच्या गळ्यात टाकून गेलात. राग येतो मला तुमचा. फोटोसमोर उभं राहून बोलता येत नाही, नाना असतात, म्हणून इथे लिहून सांगते.

टाकी तुमची नव्हतीच मुळी. मंदारने ईरासाठी आणली होती, हेन्डरसनच्या कुणाकडून जुनी, ट्रेलरला बांधून. दोन नारिंगी मासे, थोडे दगड, आणि बापलेकीचा उत्साह शाळेच्या जेमतेम एका टर्मपुरता. मग काचेवर शेवाळ चढलं आणि मासे आत आहेत की नाहीत हेही कळेना. तुम्ही आणि नाना तेव्हा नुकतेच पुण्याहून कायमचे राहायला आला होतात. मंदार ऑफिसला, मी वरच्या खोलीत लॅपटॉपला चिकटलेली, ईरा शाळेत, नाना फोनवरच्या बातम्यांत. आणि एक दिवस तुम्ही ओढणी खोचून काच घासायला घेतलीत. भांड्यांच्या स्पंजने! मी जिन्यावरून किंचाळले होते. "आई, साबण आहे त्याला!" तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग बिनसाबणाचा आण. ओरडतेस काय?"

त्या बिनसाबणाच्या घासणीसाठी मंदार तुम्हाला माशांच्या दुकानात घेऊन गेला आणि तिथे तुम्हाला ग्लेनिस भेटली. पियानो शिकवणारी, रॅग्लनला समुद्राजवळ राहणारी, तुमच्याच वयाची, भर थंडीत जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून फिरणारी. तुमचं इंग्रजी आणि तिचं किवी इंग्रजी, एकमेकींचं निम्मं तरी कळत होतं की नाही कोण जाणे. पण पुढच्याच आठवड्यात ती आइस्क्रीमच्या डब्यात बोटभर दगड घेऊन दारात हजर. दगडावर दोन मिटलेली भुरकट बोंडं. "डंकन," ती म्हणाली. "ही'ज हीप्स ईझी, शूब." म्हणजे सांभाळायला अगदी सोपा. शुभदाची शूब झाली ती तेव्हापासून.

संध्याकाळी ती बोंडं उघडली आणि तुम्ही मला कणकेच्या हातांनी ओढत टाकीपाशी नेलंत. हिरव्या झालरी, मधे जांभळी चकती, आणि चकतीच्या मधोमध एक फट. "अगं, याला तोंड आहे!" मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, आई, तो प्राणीच आहे, पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली दगड बांधत जातो, आपल्या मंगळसूत्रातलं पोवळं याच्याच नात्यातलं. तुम्ही त्यातलं एवढंच घेतलंत की तोंड आहे म्हणजे जेवायला लागणार. त्या दिवसापासून ते डंकन भावोजी झाले. कोळंबीचे मोहरीएवढे तुकडे करायचे, ईराच्या तापाच्या औषधाच्या सिरिंजमध्ये भरायचे, आणि एकेका तोंडापाशी हळूच सोडायचे. आपलं जेवण तयार झालं की तुम्ही आधी विचारायचात, "भावोजी जेवले का?" ईरा खिदळायची. "आजी, ही डझन्ट इव्हन हॅव अ स्टमक लाइक अस!" तुम्ही म्हणायचात, "तुझ्यापेक्षा नीट जेवतात."

पुढे हातोडी आली, बत्तासे आले, मेंदू आला. दुकानात त्यांना हॅमर, कॅन्डी केन वगैरे म्हणतात, मेंदूचं खरं नाव मला अजून धड घेता येत नाही. सगळी दगडी पोवळी, पण नवशिक्यांना झेपणारी, असं ग्लेनिसचं म्हणणं. उजेड बेताचा, पाण्याचा जोर बेताचा, हातोडीला शेजाऱ्यांपासून लांब ठेवायचं कारण ती लांब हात करून चावते. त्यावरून आपलं किती वाजलं! मी म्हणत होते की बत्तासे अजून लांब हवेत, तुम्ही म्हणत होतात की एवढं अंतर पुरे, आपणही राहतोच की एका घरात. तो दगड अजून तिथेच आहे. मी हलवला नाही. हलवायची भीती वाटते.

"यांना विशेष काही लागत नाही गं," तुम्ही म्हणायचात, "रोज तस्संच लागतं." आमटी आटली की खारट होते ना, तसं टाकीचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी मागच्या कप्प्यात रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं. फिल्टरचं, लाँड्रीतल्या पांढऱ्या कॅनमधलं. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मी वैतागायचे. आणि संक्रांतीला तर कहर केलात. मंदारच्या कटरने भावोजींच्या फांद्या कापल्यात आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला काढल्यात! सगळ्या बायका हसून मागे सरकल्या. जिवंत वाण कोण नेणार? शेवटी एक तुकडा ग्लेनिसने नेला, कपाळावर हळदकुंकू आणि पायात जँडल्स अशी, डबा छातीशी धरून. मी त्या दिवशी तुमच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, या बाईला आता इथे करमलं. फार बरं वाटलं होतं, आई. तेव्हा बोलले नाही.

समुद्राच्या पाण्याचा नादही ग्लेनिसनेच लावला. पाकिटातलं मीठ कशाला कालवत बसायचं, समुद्र काय लांब आहे? पण त्याचेही नियम. पाऊस होऊन चार दिवस गेलेले हवेत, नदीच्या मुखापासून लांब हवं, आणि भरती चढत असताना भरायचं, म्हणजे बाहेरचं ताजं पाणी मिळतं. मग शनिवारी मी गाडी चालवणार आणि तुम्ही रॅग्लनच्या बोटींच्या उतारावर सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून कॅन बुडवत उभ्या, आजूबाजूला पोहायच्या टॉग्जमधली माणसं आपल्याकडे बघतायत. तुम्हाला काही वाटायचं नाही.

शेवटच्या फेरीला आपण भांडलो. तुमच्या छातीत दडपायचं त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या तपासणीचा नंबर लागायचा होता. मला माहीत, मंदारला माहीत. नानांना मात्र तुम्ही सांगितलं होतं की मृणाल मला ग्लेनिसकडे नेते. "यांना बोलू नकोस काही. यांना मग झोप लागत नाही." मी म्हणाले, आई, ते नवरा आहेत तुमचे, लहान बाळ नाहीत. "तुला नाही कळायचं." मग कळेल असं सांगा ना! मागे डिकीत कॅन डचमळत होते आणि तुम्ही खिडकीबाहेर गाई बघत बसलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "सांगेन गं. तपासणी तर होऊ दे." तपासणी झालीच नाही. भर दुपारी, लाँड्रीत वाळलेले कपडे काढता काढता तुम्ही गेलात.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बोलत होते, मंदार मान हलवत होता, आणि नानांनी मधेच विचारलं, "हिला माहीत होतं?" मग आमच्या दोघांकडे बघून, "तुम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं?" बस्स, एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. भांडण मी जिंकले, आई. आता सांगू कुणाला?

दहाव्याची गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. हॅमिल्टनला कावळा कुठून आणायचा? ऑकलंडहून आलेले गुरुजी अनुभवी होते, म्हणाले, इथे जो पक्षी शिवेल तो. रॅग्लनच्या वाळूवर पिंड ठेवला. एरवी चिप्सच्या पाकिटावर झडप घालणारे सीगल, त्या दिवशी एक जवळ येईना. मंदार म्हणाला, आई, ईराचं मराठी पक्कं करू. ढिम्म. मी म्हणाले, नानांना काही कमी पडू देणार नाही. ढिम्म. ईरा रडवेली होऊन म्हणाली, "आजी, आय'ल प्रॅक्टिस, प्रॉमिस." तरी नाही. मग नाना पुढे झाले. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शुभा, तुझी पोवळी मी सांभाळीन. रोजचं पाणी मी घालीन." आणि आला की हो पक्षी! सगळं सोडून तुमचा जीव अडकला होता तो पोवळ्यांत. गुरुजींसमोर मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून नाना पाणी घालायला लागले. मी त्यांना रेघ दाखवली, कॅन दाखवला. "कळलं," म्हणाले. मला हायसं वाटलं. त्यांना सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं, आणि माझं एक काम कमी झालं.

शेवाळ खायला टाकीत सोडलेल्या गोगलगायींतली पहिली पडली तेव्हा मी मनावर घेतलं नाही. मग दुसरी पडली, तिसरी पडली. काचेवर चढायच्या, मधेच सुटायच्या आणि वाळूत उताण्या पडून राहायच्या. मग भावोजींनी जेवण सोडलं. सिरिंजमधला तुकडा झालरीवर पडून तसाच घरंगळून जायचा. मग हातोडी मिटली, आणि तिच्या कडेचं मांस आकसून आतलं पांढरं हाड दिसायला लागलं.

मी काय काय नाही केलं? खारटपणा मोजला, बरोबर. चुना मोजला, बरोबर. पाणी गरम हवं तेवढंच गरम. टेस्टचे थेंब परत परत टाकून बघितले. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्याचाच पगार घेते, आणि इथे सगळं बरोबर येतंय आणि सगळं मरतंय! दिव्यांची वेळ कमी केली, मग वाटलं कमी केल्यामुळेच बिघडलं, म्हणून परत वाढवली. मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून खाली धावायची. तुम्ही असतात तर हातावर चापट मारून म्हणाला असतात, "जरा दम धर, सारखी ढवळू नकोस." नाना रोज विचारायचे, "आज कशी आहेत?" आणि मी म्हणायची, "छान आहेत." बघा, तुमच्यासारखंच बोलायला लागले.

शेवटी ग्लेनिसला बोलावलं. आल्या आल्या "किया ओरा, डार्लिंग" म्हणून तिने मला मिठी मारली, मग टाकीपुढे वाकली आणि एकेक पोवळं निरखत गेली. कुठला तरी धातू पाण्यात जातोय म्हणाली, बहुतेक कॉपर. माशांचं औषध घातलंस? नाही. आत एखादं नाणं पडलंय? नाही. पाइप? फिल्टरच्या पुढे सगळे प्लास्टिकचेच. तिने मला समजावलं की माशांना ते एक वेळ चालतं, पण पोवळ्यांना आणि गोगलगायींना विष, अगदी थोडंसंही. मग गादीसारखा पांढरा चौकोनी तुकडा मागच्या कप्प्यात ठेवला. तांबं असेल तर हा निळा पडेल, म्हणाली. आणि जाताना दारात हळूच, "शूबचा तुकडा माझ्याकडे चांगला वाढलाय. वेळ आलीच तर देईन." मी थँक यू म्हटलं. पण मला तो नको होता, आई. मला आपले हेच भावोजी हवे होते.

दोनेक दिवसांनी ईराच्या शाळेचा कॅम्प होता म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर खाली आले. नाना टाकीपाशी उभे होते. हातात तुमचा दोघांचा तांब्या.

तो तांब्या मी या घरात रोज बघितलाय. चिंचेने घासून लखलखीत केलेला, पाणी भरून ओट्यावर ठेवलेला. सकाळी नाना त्यातलं पेलाभर पाणी तुम्हाला पलंगावर आणून द्यायचे आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. लग्न झाल्यापासून, असं तुम्हीच सांगायचात. एरवी नानांनी घरात स्वतःचा कपसुद्धा उचलून ठेवलेला मी पाहिला नाही, पण हे पाणी कधी चुकलं नाही. आता तेच ते मागच्या कप्प्यात ओतत होते. हळूहळू, रेघेवर डोळे ठेवून, एक थेंब बाहेर न सांडता. आणि ओतता ओतता बोलत होते, "घे. जरा गार आहे आज."

ते मागे वळायच्या आत मी लाँड्रीत शिरले आणि वॉशिंग मशीनला धरून उभी राहिले. चिंचेने घासलेलं तांबं आणि त्यात रात्रभर फिल्टरचं पाणी. रोज, अख्खा तांब्या. कॅनमधलं पाणी त्यांना बेचव वाटलं असणार, तुमच्या पोवळ्यांना ते तसलं कसं देणार! नाना गेल्यावर मी कप्प्यातली गादी उचलून बघितली. निळी पडली होती.

मंदार म्हणाला, "सांगू नकोस. मोडून जातील ते. आपण गुपचूप पाणी बदलू, नवी गादी घालू, काहीतरी निमित्त काढून तांब्या बाजूला करू." शब्दन् शब्द तुमचा! म्हटलं, अगदी आईचा मुलगा आहेस. तो डोळे पुसायला लागला, मग मलाच वाईट वाटलं.

तरी मी त्याचं ऐकलं. नानांना म्हटलं, ग्लेनिस म्हणते की कॅनमधलंच पाणी घाला. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कॅनमधलं घातलं, रेघेच्या जरा खालीपर्यंत, आणि वरून तांब्यातलं पेलाभर. "हे तिचं," मला म्हणाले. हसले पण. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि मी समोर उभी राहून, "हं," म्हटलं.

तेव्हा मला कळलं, आई, तुम्ही का बोलत नव्हतात ते. शब्द अगदी जिभेवर यायचे आणि त्यांचा चेहरा बघून मी गिळून टाकायची. आज नको, जेवण होऊ दे. आज नको, त्यांचा गुडघा दुखतोय. माझा जीव नुसता टांगणीला. पोवळी मेली तर नाना म्हणतील, तिने एकच गोष्ट माझ्यावर सोपवली आणि ती मी मारली. आणि सांगितलं तर तेच आज म्हणतील. तुम्ही चूक होतात हे माझं म्हणणं कायम आहे, पण तुमच्यावर मी गाडीत ओरडले तशी आता ओरडणार नाही.

त्यात पाऊस. रोज एक तरी सर, त्यामुळे रॅग्लनला जायची सोय नाही. पाकिटातलं मीठ कालवून थोडं थोडं पाणी बदललं, पण रोज सकाळी तो पेला आत जातच होता.

एका सकाळी हातोडीचं एक डोकं गळून पडलं. नुसतं हाड उरलं, बाकीची डोकी घट्ट मिटलेली. माझ्या आधी नानांनी बघितलं. हातात पेला, काचेजवळ वाकलेले. "मृणाल," त्यांनी हाक मारली, "इकडे ये. हिला काय होतंय? माझं काही चुकतंय का?"

आता विचारलंच होतं त्यांनी. मी म्हणाले, "नाना, बसा जरा."

"बसवून सांगण्यासारखं आहे?"

"हो."

ते बसले. मी सांगितलं. तांब्याचं पाणी आपल्याला चालतं, यांना चालत नाही, यांना ते विष होतं. गोगलगायी त्यानेच मेल्या. हातोडीला त्यानेच झालंय. नाना हातातल्या पेल्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

नाही हो नाना, बरीच कारणं असतात, असं म्हणणं किती सोपं होतं. अगदी तोंडात आलं होतं. मी म्हणाले, "हो. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"मला कुणी काही सांगतच नाही," नाना म्हणाले. रागाने नाही. बाहेर धुकं आहे असं सांगावं तसं. मग उठले, पेला सिंकमध्ये रिकामा केला आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, झालं, संपलं, आता हा माणूस परत टाकीकडे बघणार नाही. मग तसेच, न वळता म्हणाले, "आता काय करायचं असतं ते सांग. सगळं सांग."

म्हणून मी सगळं सांगितलं. तुम्ही मला जे जे सांगून वैताग आणायचात ते सगळं. नाना मधे मधे विचारत होते, "का पण?" तुम्हाला कुणी इतकं विचारलं असतं तर तुम्ही दिवसभर बोलत बसला असतात.

पाऊस थांबून पुरेसे दिवस गेल्यावर आम्ही दोघं रॅग्लनला गेलो. पँट दुमडून, काठीवर भार देऊन नाना पाण्यात उतरले, मला कॅन धरू देईनात. "भरती चढतेय ना नक्की? नदी त्या बाजूला ना?" सगळं दोनदा विचारून घेतलं. परत येताना डिकीत पाणी डचमळायला लागलं आणि नाना समोर बघत म्हणाले, "तुम्ही ग्लेनिसकडे म्हणून निघायचात, तेव्हा डॉक्टरकडे जायचात का?" मी हो म्हटलं. मग तेही सांगितलं, आई. तुमची परवानगी न घेता. गाडीतलं भांडणसुद्धा सांगितलं, तुम्ही काय म्हणालात तेही.

"मला झोप लागत नाही म्हणून?"

"हो."

"आता तरी कुठे लागतेय," नाना म्हणाले, आणि तुम्ही बघत बसायचात त्या गाई बघत बसले.

बरंचसं पाणी आता बदललंय. नवी गादी घातली, तीही निळसर पडली, पण पहिल्या गादीइतकी नाही. ग्लेनिस म्हणते, तांबं दगडात मुरतं आणि हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे महिने लागतील. "हॅंग इन देअर," म्हणते. काल डंकन भावोजींचं एक तोंड उघडलं. नानांनी सिरिंज धरली, ईराने त्यांच्या मनगटाला आधार दिला, आणि तुकडा आत गेला. नानांनी इतक्या मोठ्याने हाक मारली की मंदार ऑफिसचा कॉल टाकून खाली आला. "आजोबा, ही एट इट! खाल्लं!" ईरा ओरडली, आणि ते "खाल्लं" मराठीत होतं, हेही तुम्हाला सांगून ठेवते. बत्ताशांचं काही कळत नाही. मेंदू तसा बरा आहे. हातोडीचं मात्र तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. ती जगेल का, मला खरंच माहीत नाही. रोज बघते आणि रोज वाटतं की काल होतं त्यापेक्षा थोडं जास्त हाड दिसतंय. मग वाटतं, माझ्या डोळ्यांचे भास.

आज सकाळी असंच बघून मागे वळले तर नाना उभे. हातात पेला, भरलेला.

"हात सवयीने भरतो तांब्या," ते म्हणाले. "आता हे कुणाला देऊ?"

टाकीत नको हे त्यांना कळत होतं. सिंकमध्ये ओतवत नव्हतं. नुसते धरून उभे होते, अवघडून, एखाद्या परक्या घरात आल्यासारखे. मी हात पुढे केला. पाणी गार होतं, थोडं तुरट. दात घासले नव्हते, चहा झाला नव्हता, आणि निम्म्यातच मला रडू फुटलं, दीड महिन्यात पहिल्यांदा. नाना हलले नाहीत. मी रडत रडत पाणी संपवेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग पेला माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून जरा लवकर ऊठ. ती उजाडायच्या आत प्यायची."